इंजिनची टोपी अन् बाबाचा हात

१२ जानेवारी, रविवार

एकशे चौतीस! एकशे पंधराच्या वर जायलेच नको होतं, अन् ही बया एकशे चौतीसवर जाऊन बसली. गाडी थांबवून इंजिनच्या टोपीवर पाण्याचा थेंब सोडला — थेंब टिकलाच नाही, उडी मारून पळाला. म्हणजे तापमान मोजायची गन बरोबर सांगून राहिली. म्हणजे सुई जास्त आवळल्या गेली. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून!

आई दारात उभी राहून पाहून राहिली होती. म्हणे, "एवढीशी गाडी, तिले एवढा ताप कावून येते वं, दामिनी?" सांगितलं तिले. ही सेलवाली नाही आई, नाइट्रो गाडी आहे. रिमोटची आहे, पण आत खरं इंजिन आहे, अंड्याएवढं. फ्यूल पिते, धूर सोडते. फ्यूलमध्येच तेल असते. सुई सैल केली की फ्यूल जास्त जाते — धूरच धूर, इंजिन थंड, गाडी म्हशीसारखी चालते. सुई आवळली की फ्यूल कमी — गाडी उडते! पण तेलही कमी जाते, इंजिन तापते, अन् जास्त तापलं की खेळ खतम. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणे, "मंग मधातच ठेव ना."

अस्सं! तेच तं जमत नाही ना, माय!

हे सगळं मराठीत लिहून राहिली, कारण मोनू माझ्या वह्या उघडून पाहतो अन् मराठी दिसली की त्याचं डोकं दुखते. भाऊ असून कामाचा नाही, पण एवढा फायदा आहे.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी चौदा डिग्री, दुपारी एकोणतीस. सुई सकाळची वेगळी अन् दुपारची वेगळी. कामावर जॉब कार्डात गाडी नंबरच्या जागी इंजिनचं तापमान लिहिलं, ११०.

१६ जानेवारी, गुरुवार

सर्व्हिस सेंटरमध्ये आज पुन्हा तेच. एका बाईच्या स्कूटीचा आवाज ऐकूनच मले समजलं का चेन सैल आहे. सांगितलं. सुशील — आमचा सुपरवायझर, वैशाली नगरचा — म्हणे, "मॅडम, आप कार्ड बनाइए." डिप्लोमा मेकॅनिकलचा माझ्याजवळ, अन् पाना त्याच्या हातात. खुर्चीत बसून बसून माझे पाय बधिर होतात.

अन् हाच सुशील रविवारी नेहरू नगरच्या पलीकडं, हायवेच्या बाजूच्या ट्रॅकवर माझ्यासमोर गाडी चालवतो. तिथं पाच जण नाइट्रोवाले आहेत. मी धरून सहा. आजपर्यंत मी चार रेसमध्ये उतरली, अन् चारही वेळा इंजिन मधातच बंद. मागच्या वेळी तो हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणे, "इलेक्ट्रिक ले लो ना."

२३ फेब्रुवारीले मोठी रेस आहे. वीस मिनिटांची. मले जिंकायचं नाही — बरं, जिंकायचं आहे! — पण निदान पूर्ण तं करायची आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज बाबा आले!

स्टील प्लांटात फर्स्ट शिफ्ट करून, जेवून, क्वार्टरच्या लाइनीमागच्या मैदानात सरळ माझ्याजवळ. सहा महिन्यांत एकदा विचारलं नव्हतं का पोरगी काय करून राहिली. दोन मिनिटं उभे राहिले, कान लावून ऐकलं. मंग बोटाले थुंकी लावली अन् टोपीवर टेकवलं. टेकवलं म्हणजे — टेकवून ठेवलं! मी किंचाळलीच. म्हणे, "ह्याले गरम म्हणतं का तू? एकतीस वर्षं कोक ओव्हनवर काढली म्या. हे कोमट हाये."

गन दाखवून राहिली होती एकशे अठरा.

आमच्या सेक्टर सहाच्या या लाइनीत बाबाचा हात म्हणजे हात आहे. कोणाच्या लेकराचं अंग तापलं की पहिले थर्मामीटर नाही काढत, पहिले केवलरामले बोलावतात. बाबा तळहात लावतात अन् सांगतात, "एकशे एक." मंग थर्मामीटर लावतात, अन् एकशे एकच निघते! जानराव काका, बाबाच्या शिफ्टमधले, ते तं सांगतात का कोळशाच्या भट्टीच्या दारासमोर दूरून हात धरून हा माणूस सांगायचा, कोणतं दार गळून राहिलं. मी लहानपणापासून हेच ऐकत आली. शाळेतही सांगायची — माझ्या बाबाचा हात मीटर आहे.

बाबा जाता जाता म्हणाले, "सुई थोडी आवळ. घाबरू नको." आवळली. गाडी काय पळाली!

२२ जानेवारी, बुधवार

गनची परीक्षा घेतली. पातेल्यात पाणी उकळलं, खळखळ, अन् स्टीलच्या पातेल्यावर गन धरली — एक्केचाळीस! उकळतं पाणी अन् एक्केचाळीस! तीनदा धरली. एक्केचाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस.

मोनू म्हणे, "फेक दो दीदी, दो कौड़ी की गन है."

म्हणजे एवढे दिवस मी या खोटारड्या डबीच्या भरवशावर सुई फिरवून राहिली होती. बाबा बरोबर होते. डोक्यावरचं ओझंच उतरलं. गन डब्यात टाकली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडा, दुपारी ट्रॅक. बाबाले सुट्टी होती, ते आले संग. प्रत्येक टाकीनंतर बोट लावायचे अन् सांगायचे — "आवळ", "राहू दे", "आवळ थोडी." गाडी सुशीलच्या गाडीच्या मागं लागून राहिली होती, एका हाताच्या अंतरावर! त्यानं दोनदा वळून पाहिलं. धूर थोडा पातळ वाटला मले. बाबाले म्हटलं. म्हणे, "धूर काय पाहतं, मी हाये ना."

परत येताना स्कूटरवर मागं बसून मी अख्खा रस्ता बडबडत आली. बाबा हसून राहिले होते. आमचं दोघांचं इतकं बोलणं दहावीनंतर झालंच नव्हतं.

संध्याकाळी शेजारची समृद्धी आली, चार वर्षांची, तिच्या आईच्या कडेवर. तिचा चेहरा लाल झाला होता. बाबानं हात लावला. म्हणे, "ताप नाही. उन्हात खेळली असंल."

२८ जानेवारी, मंगळवार

समृद्धीले दवाखान्यात नेलं काल. एकशे तीन होता. आता बरी आहे. तिची आई काही बोलली नाही, पण आमच्या दारावरून जाताना वर पाहिलं नाही तिनं.

बाबा म्हणे, "मंग चढला असंल." दुसऱ्यांदा विचारलं तं चिडले.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या नंबर लागायचे आहेत, मोठ्या रेससाठी कोण पुढं उभं राहील ते. आज दिवसभर पाय एका जागी ठरत नाहीत. चाकं तीनदा धुतली. आई म्हणे, "लग्न हाये का गाडीचं?"

२ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच लिहिलं नाही तं मी उद्या स्वतःलेच सांगीन का असं काही झालं नव्हतं.

दुपारची वेळ, ऊन कडक. पहिल्या टाकीनंतर बाबानं बोट लावलं. "थंडी हाये. आवळ." मी थांबली एक क्षण. आवाज मले उंच वाटून राहिला होता, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. पण बाबा म्हणाले ना! आवळली.

दोन चक्कर — काय सांगू — दोन चक्कर माझी गाडी सगळ्यांच्या पुढं होती. सुशीलच्या पुढं! मंग धूरच दिसेना. बारीकशी निळी रेघ असते ना मागं, ती गेली. मी रिमोटवरून बोट काढेपर्यंत एक किंकाळी निघाली इंजिनची, अन् चाकं जाम. गाडी कोलांट्या खाऊन पडली, वरची बॉडी निघून दूर गेली.

मी गाडी चालवायच्या चबुतऱ्यावरून उतरून राहिली होती, तेवढ्यात बाबाच धावले. त्याईनं गाडी उचलली — इंजिनच्या टोपीले धरून. मूठ आवळून. ट्रॅकच्या त्या टोकापासून माझ्यापर्यंत, वीस-पंचवीस पावलं, तशीच आणली. माझ्यासमोर टेबलावर ठेवली अन् विचारलं, "काय झालं वं हिले?"

वास आला पहिले. मले वाटलं रबर जळलं.

सुशील ओरडला, "काकाजी! हाथ!" बाबानं तळहात उघडून पाहिला. पांढरा पट्टा पडला होता, टोपीच्या पात्यांच्या रेघांसकट. त्याईनं तो हात असा पाहिला का जसा दुसऱ्या कोणाचा आहे. मंग मुठीत बंद केला, खिशात घातला, अन् म्हणे, "लागलं नाही."

लागलं नाही!

घरी आल्यावर आईनं मलम लावलं, पट्टी बांधली. एक शब्द विचारला नाही तिनं. कसं झालं, कुठं झालं — काहीच नाही. पट्टी बांधायच्या आधी तिनं त्याईच्या दुसऱ्या हाताची बोटंही उलटीपालटी करून पाहिली, सवयीनं. तेव्हा समजलं मले. आईले माहीत आहे. बाबाले हातानं गरम समजतच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सव्वापाचले नेहमीसारखे निघाले. हेल्मेट, डबा, पट्टी बांधलेला हात. कोक ओव्हनवर! तिथं भट्टीच्या माथ्यावर चालावं लागते, खाली हजारावर डिग्री. ज्या माणसाले जळत्या इंजिनची टोपी समजली नाही, तो तिथं काय समजणार?

मी दारात उभी होती. स्कूटर वळली तशी धावत सुटावं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुशीलनं विचारलं, "गन कहाँ थी कल? मतलब परसों?" पातेल्याचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणे, चमकत्या स्टीलवर गन नेहमीच खोटं दाखवते. काळ्या टोपीवर बरोबर दाखवते. पातेल्याले काळी टेप लावून पाहा.

घरी येऊन लावली टेप. सत्त्याण्णव.

पिस्टन वरच अडकून बसला आहे. सुशीलनं मागवून देतो म्हटलं, पिस्टन अन् स्लीव्ह दोन्ही. मले इंजिनचं काही वाटूनच नाही राहिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईले धरलं, भाजी निवडताना. पहिले नाही नाही म्हणाली. मंग पालकाची जुडी खाली ठेवली अन् बोलायले लागली तं थांबेचना.

दोन वर्षं झाली. शुगरनं. पहिले पाय, मंग बोटं. "पायातली चप्पल रस्त्यात पडून राहते अन् त्याईले घरी येऊन समजते." आंघोळीचं पाणी आईच पाहते, चहा आईच निववून देते. दवाखान्यात शुगरच्या गोळ्या घेतात, पण डॉक्टरनं हातापायाचं विचारलं का सांगतात — सगळं ठीक.

"कावून पण?" मी ओरडलीच. "हात गेला तं गेला, त्यात लपवाचं काय?"

आई म्हणे, "तुले हिरालाल आठवते का?"

आठवते. बाबाच्याच शिफ्टचे. पाठ गेली म्हणून लाइट ड्युटी मिळाली होती, टाइम ऑफिसमध्ये हजेरीच्या बाकड्यावर. बाबा अन् जानराव काका त्याईले 'फाइलवाले साहेब' म्हणायचे. चहाच्या टपरीवर त्याईले पाहून फुंकर मारून दाखवायचे — फाइल गरम असंल, सांभाळा! आमच्या घरात बसून हसायचे. मीही हसली आहे.

"आता त्याच बाकड्यावर जाऊन बसू का, म्हणतात," आई म्हणे. "मरून जाईन, म्हणतात."

तं मरा! — असं आलं तोंडात. गिळलं. आईनं माझ्याकडून शपथ घेतली का मी कोणाले सांगणार नाही. मी दिली नाही शपथ. फक्त उठून गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोलली आज. बाबा बाजेवर बसले होते, पट्टीचा हात मांडीवर. सरळ विचारलं. म्हटलं, बाबा, प्लांटच्या मेडिकलले जा अन् सांगून टाका.

"काय सांगू?"

"का हात काम नाही करत."

त्याईनं पट्टीकडं पाहिलं. मले वाटलं आता सांगतील. मंग म्हणे, "तू तुही गाडी पाह्य. भट्टीचं मी पाहतो."

मी काय काय बोलली. समृद्धीचं बोलली. जानराव काकाच्या पायावर उद्या काही सांडलं तं, म्हटलं. त्याईनं मान वर केली नाही. उठून चप्पल घातली — एकच! — अन् बाहेर गेले. आईनं दुसरी चप्पल उचलून त्याईच्या मागं नेली.

बाबा भित्रे आहेत. लिहून टाकलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाच पन्नासले जाग. त्याईची स्कूटर गेलेली. आता कुठं पोचले असतील, गेटात, का वर? हेच, रोज हेच. कामावर फोन वाजला का कार्ड अर्धं सोडून पहिले तोच उचलते.

आई बाबाची वर्दी धुऊन राहिली होती. पाणी साफ होतं. म्हटलं आज काळं कावून नाही? आई म्हणे, काम बंद असंल एखाद्या भट्टीचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जानराव काकाकडं गेली. म्हटलं, काका, तुमाले माहीत आहे ना? त्याईनं तोंड फिरवलं. काकू चहा घेऊन आली, तिच्याकडं पाहत काका म्हणे, "पोरी, तू नको पडू यात. त्याले त्याचं करू दे."

म्हणजे हेही सामील! संग मरतील पण संग बोलणार नाहीत. चहा तसाच ठेवून आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिस्टन-स्लीव्ह आले. सर्व्हिस सेंटर बंद झाल्यावर सुशीलनं त्याचं टेबल दिलं अन् पाना माझ्या हातात दिला. स्वतः बाजूले बसून राहिला, काही शिकवलं नाही. दोन तासांत बसवलं मी. बरं वाटलं — वाटलं म्हणजे वाटायले पाहिजे होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवीन पिस्टनले घाई चालत नाही. सुई सैल, धूर भरपूर, एक टाकी चालवायची, बंद करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, मंग दुसरी. गन प्रत्येक मिनिटाले. ८८. ९३. ९१. थांब. ९५. माझ्यासारखीले ही शिक्षाच आहे! उभी राहते, बसते, पुन्हा उभी राहते.

बाबा आले होते मैदानात. दूर, गुलमोहराखाली. मंग हळूहळू जवळ आले. हात पुढं केला — टोपीकडं नाही, बहुतेक गाडी सरळ करायले — अन् मी ओरडली, "हात नका लावू!"

सुशील होता तिथं. आणखी दोन पोरं होती. बाबानं हात मागं घेतला. "हाव," म्हणे. अन् चालले गेले.

संध्याकाळी शेजारचे कोणी पुतण्याले घेऊन आले, ताप पाहायले. बाबा आतूनच म्हणे, "थर्मामीटर लावा. त्यात बरोबर समजते." मलेच टोमणा मारला, दुसरं काय.

पण "हात नका लावू" हे मी बोलली. माझ्या बाबाले. चार लोकांत. हे शब्द माघारी घ्यायची काही सोय असती तं आत्ता घेतले असते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आठ टाक्या झाल्या. आज पहिल्यांदा सुई थोडी आवळली. १०८. धूर आहे, आवाज बरोबर. सकाळी अन् दुपारी, दोन्हीची खूण करून ठेवली नेलपॉलिशनं.

इंजिनले चार दिवसांत समजून घेतलं. घरातल्या माणसाले दोन वर्षं नाही समजलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज लिहिला. हिंदीत. "मेरे पिता केवलराम, कोक ओवन विभाग, इनके हाथ-पैर में संवेदना नहीं है. इनकी जाँच की जाए." खाली माझं नाव अन् नातं. तीनदा लिहिला, तीनदा फाडला, चौथ्यांदा ठेवला.

आईनं पाहिला. म्हणे, "हे दिलं तं माझ्याशी बोलजो नको."

म्हटलं, बाबा जिवंत राहिले तं तू नाही बोललीस तरी चालंल.

आई रडली. मी नाही रडली. मले स्वतःचीच भीती वाटली.

२३ फेब्रुवारी, रविवार

वीस मिनिटं पूर्ण झाली!

एकदाही बंद नाही पडली. एकशे बारा, एकशे चौदा, रेसच्या आधी ऊन वाढलं तशी मी सुई स्वतःहून सैल केली, सुशील म्हणत होता नको करू, वेग जाईल. वेग गेला. दोघं पुढं निघून गेले. मी तिसरी. सुशीलची गाडी सोळाव्या मिनिटाले बंद पडली, तापून. तो उतरून आला अन् म्हणे, "कल से आप भी गाड़ी खोलोगी, दामिनी. मैं बात करता हूँ."

हे ऐकायले मी दोन वर्षं थांबली होती. ऐकलं अन् मी गर्दीत बाबाले शोधून राहिली. नव्हते आले. कसे येतील? मीच तं सांगितलं ना, दूर राहा म्हणून.

घरी सांगितलं, तिसरी आली. बाबा म्हणे, "बंद नाही पडली?" म्हटलं, नाही. "मंग झालं तं," म्हणे, अन् जेवत राहिले.

अर्ज पर्समध्ये आहे. उद्या अर्धी सुट्टी टाकली आहे. आता नाही तं कधीच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेली. मेडिकलच्या खिडकीवर बाबाचं नाव अन् विभाग सांगितला. बाबूनं वर न पाहताच म्हटलं, "केवलराम? इनका तो हो गया. तीन तारीख को खुद आए थे. उसी दिन से भट्टी से हटा दिया, टाइम ऑफिस में बैठते हैं. आप बेटी हैं?" हो म्हटलं. तं त्यानं हसून फाइल माझ्याकडं फिरवली. "ये इंजन का क्या मामला है? डॉक्टर साहब भी पूछ रहे थे." कारणाच्या रकान्यात बाबाचं अक्षर होतं, वाकडंतिकडं, पट्टीच्या हातानं लिहिलेलं — "हाथ से गरम समझ में नहीं आता. बेटी ने मुझ पर भरोसा किया, उसका इंजन जल गया."

"आपका कुछ काम था?" बाबूनं विचारलं. नाही म्हटलं. बाहेर सायकल स्टँडपर्यंत आली अन् तिथंच बसून मोठ्यानं रडली.